जन्म कुठला, झेंडा कुठला: मोटार शर्यतींचे जगज्जेते

फॉर्म्युला वनमध्ये जर्मनीला पहिला जगज्जेता कधी मिळाला? १९९४ साली, मायकेल शूमाकरच्या रूपाने. कुठलीही यादी उघडा, हेच उत्तर सापडेल. आता प्रश्न जरा फिरवून विचारू. जर्मनीत जन्मलेला आणि जर्मन नागरिक असलेला पहिला जगज्जेता कोण? आता उत्तर चोवीस वर्षं मागे सरकतं: योखेन रिंट, १९७०. यादीत मात्र त्याच्या नावापुढे झेंडा आहे ऑस्ट्रियाचा.

यादी चुकलेली नाही. जन्मस्थान ही एक गोष्ट आणि राष्ट्रीयत्व ही दुसरी, एवढं आपल्यालाही माहीत असतं; आपल्या पासपोर्टवरसुद्धा दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. मोटार शर्यतींत आणखी एक गुंता आहे. इथे ड्रायव्हरकडे कागद दोन असतात. सरकार देतं तो पासपोर्ट आणि देशाची मोटार संघटना देते तो शर्यतीचा परवाना. हे दोन्ही एकाच देशाचे असतातच असं नाही. रिंटचे नव्हते.

त्याचा जन्म १८ एप्रिल १९४२ चा, राइनकाठच्या माइन्त्स शहरातला. वडील जर्मन, आई ऑस्ट्रियातल्या ग्रात्सची, घरचा व्यवसाय मसाल्यांच्या गिरणीचा. १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत आईवडील दोघेही गेले. पोर सव्वा वर्षाचं. आजी-आजोबांनी त्याला ग्रात्सला नेलं आणि तिथेच तो लहानाचा मोठा झाला. शर्यतींत उतरला तो ऑस्ट्रियाच्या परवान्यावर. जर्मन नागरिकत्व त्याने कधी सोडलं नाही. त्यातही गंमत अशी की त्याचा जन्म झाला तेव्हा ऑस्ट्रिया नावाचा स्वतंत्र देशच नकाशावर नव्हता. १९३८ मध्ये हिटलरने तो जर्मनीला जोडून घेतला होता.

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझाला सरावादरम्यान रिंटची लोटस गाडी आदळली आणि तो गेला. तोवर त्याचे ४५ गुण झाले होते. उरलेल्या शर्यतींत बेल्जियमच्या जॅकी इक्सला ते गाठता आले नाहीत, तो ४० वर थांबला. मरणोत्तर जगज्जेता ठरलेला आजवरचा एकमेव ड्रायव्हर रिंट. आणि ऑस्ट्रियाचा पहिला जगज्जेताही तोच, निकी लाउडाच्या पाच वर्षं आधी. माझ्या मते हा झेंडा त्याला शोभतो, कारण तो घडला तिथेच. पण त्यावरून कोणी त्याला ‘ऑस्ट्रियाचा नागरिक’ म्हटलं किंवा ‘ग्रात्सला जन्मलेला’ लिहिलं, की ती सरळ चूक. दोन्ही छापलेलं दिसतं.

रिंटच्या बाबतीत जन्मगाव जागच्या जागी राहिलं आणि माणूस सीमा ओलांडून गेला. मारिओ आंद्रेतीच्या बाबतीत माणसाबरोबर सीमाही हलली. त्याचा जन्म २८ फेब्रुवारी १९४० चा, इस्त्रिया द्वीपकल्पातल्या मोंतोना या डोंगरावरच्या गावातला. तेव्हा ते गाव इटलीत होतं. पहिल्या महायुद्धाआधी तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं. १९४७ च्या पॅरिस तहाने ते युगोस्लाव्हियाकडे गेलं. आज ते क्रोएशियात आहे आणि त्याचं नाव मोतोवुन. मग आंद्रेतीचा ‘जन्मदेश’ कोणता लिहायचा? काही याद्या इटली लिहितात, काही क्रोएशिया. माझ्या हिशेबाने जन्माच्या दिवशी जो देश होता तो लिहावा आणि आजचा देश शेजारी सांगावा. नुसतं ‘क्रोएशिया’ लिहिलं तर १९४० साली त्या गावाचा कारभार क्रोएशियातून चालत होता असा समज होतो, आणि मग त्याचं कुटुंब तिथून का निघालं हेही कळत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला लांब जायला नको. १९५० साली पणजीत जन्मलेला माणूस पोर्तुगीज अमलाखाली जन्मला, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षीच्या आदेशाने तिथले लोक भारताचे नागरिक ठरले. गाव तेच, घर तेच, फक्त वरचं राज्य बदललं.

आंद्रेती कुटुंबाने मात्र घर सोडलं. १९४८ मध्ये ते इटलीत आले आणि लुका शहरातल्या निर्वासितांच्या छावणीत राहिले. १९५४ मध्ये मारिओ आणि त्याचा जुळा भाऊ आल्दो यांनी मोंझाला इटलीच्या आल्बेर्तो आस्कारीला गाडी हाकताना पाहिलं. त्यांचा देव तो! १९५५ मध्ये कुटुंब अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेलं आणि १९६४ मध्ये मारिओ अमेरिकन नागरिक झाला. १९७८ मध्ये तो जगज्जेता झाला तो अमेरिकेच्या झेंड्याखाली, आणि विजेतेपद पक्कं झालं ते मोंझालाच. इटलीने त्याला आपला म्हणणं स्वाभाविक आहे. तरी इटलीच्या जगज्जेत्यांत त्याला धरता येत नाही. ती यादी दोघांची: १९५० चा नीनो फारिना, जन्म तोरिनो, आणि १९५२ व १९५३ चा आस्कारी, जन्म मिलान. दोघांच्याही बाबतीत डोकं खाजवायची गरज नाही.

प्रश्नमंजूषेत हमखास चुकणारा प्रश्न इथूनच निघतो. अमेरिकेचे फॉर्म्युला वन जगज्जेते दोन, पण अमेरिकेत जन्मलेला एकच: १९६१ चा फिल हिल. त्यालाही लोक कॅलिफोर्नियाचा म्हणतात, कारण तो सांता मोनिकाला वाढला. जन्म मात्र फ्लोरिडातल्या मायामीचा.

जगज्जेतेपद सुरू झालं १९५० मध्ये. त्याआधीच्या काळात शिरलं की गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे ‘राष्ट्रीय’ हा शब्द माणसाबद्दल आहे की स्पर्धेबद्दल, हेच आधी पाहावं लागतं. राल्फ डी पाल्मा १९१२ आणि १९१४ चा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता. जन्म दक्षिण इटलीतल्या बिक्कारी गावचा, १८८२ चा. लहानपणी तो अमेरिकेत आला, पण अमेरिकन नागरिक झाला १९२० मध्ये. म्हणजे ‘अमेरिकन विजेता’ होता तेव्हा तो कागदोपत्री इटालियनच होता. १९१५ मध्ये त्याने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली, तीही जर्मन मर्सिडीज हाकून. युरोपात महायुद्ध पेटलेलं, आणि शर्यतीच्या आठच दिवस आधी इटलीही त्यात उतरला होता. आता या विजयावर कोणाचा झेंडा लावायचा?

शेव्हरोले बंधूंचं तर एका घरातच दोन देश. थोरला लुई १८७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँला जन्मला. पुढे कुटुंब फ्रान्समधल्या बोनला राहायला गेलं आणि १८९२ मध्ये धाकटा गास्ताँ जन्मला तो तिथे. १९२० ची इंडियानापोलिसची शर्यत या गास्ताँने जिंकली. कोणी त्याला स्विस म्हणतो, कोणी फ्रेंच, कोणी अमेरिकन. थोरल्या भावाचं जन्मगाव धाकट्याच्या नावावर चिकटवलेलंही दिसतं.

आणि त्याहून मागे, १९०० ते १९०५ च्या गॉर्डन बेनेट चषकात, देश ठरायचा तो गाडीवरून. गाडी ज्या देशाची, तिचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा, असा नियमच होता. देशांचे रंगही तिथूनच आले: फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा. ब्रिटनचा हिरवा १९०३ च्या शर्यतीपासून रुळला, आणि ती शर्यत झाली होती आयर्लंडमध्ये. ती जिंकली जर्मनीने, पण सुकाणूवर होता कामिय जेनात्झी हा बेल्जियन. त्याच्या आदल्या वर्षी चषक ब्रिटनला मिळवून दिला सेल्विन एजने. त्याचा जन्म सिडनीजवळचा, १८६८ चा. तेव्हा ऑस्ट्रेलिया हा देश म्हणून अस्तित्वातच नव्हता, नुसत्या ब्रिटिश वसाहती होत्या. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व कायद्याने सुरू झालं ते थेट १९४९ मध्ये. त्यामुळे १९२६ मध्ये जन्मलेला, पुढे तीनदा जगज्जेता झालेला जॅक ब्रॅबहॅमसुद्धा जन्माने ‘ब्रिटिश प्रजाजन’च.

याच्या उलट हेन्री सीग्रेव्ह. १९२३ मध्ये त्याने सनबीम हाकून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. ब्रिटिश गाडीत बसून ब्रिटिश ड्रायव्हरने ग्रां प्री जिंकण्याची ती पहिली वेळ. या पहिल्या ब्रिटिश वीराचा जन्म अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा, वडील आयरिश, आई अमेरिकन.

वंश हा आणखी एक फसवा धागा. हुआन मॅन्युएल फांजिओचे आईवडील इटलीतून आलेले, नाव इटालियन वळणाचं, आणि पाचपैकी बहुतेक विजेतेपदंही अल्फा रोमिओ, फेरारी, मासेराती अशा इटालियन गाड्यांत (मर्सिडीजही मधे आहेच). पण तो जन्मला अर्जेंटिनातल्या बाल्कार्सेला, १९११ मध्ये, आणि नागरिकही तिथलाच. इथे वादाला जागा नाही.

आज नियम बराच स्पष्ट आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत ड्रायव्हरचा परवाना कुठलाही असो, अधिकृत कागदांवर आणि बक्षीस समारंभात त्याचं राष्ट्रीयत्व पासपोर्टवरचंच धरलं जातं. जन्मस्थान मात्र अजूनही स्वतंत्रच बघावं लागतं. मॅक्स व्हर्स्टापेन बेल्जियमच्या हासेल्टला जन्मला, आई बेल्जियन, पण झेंडा वडिलांच्या नेदरलँड्सचा. १९८२ चा जगज्जेता केके रोसबर्ग हा फिनलंडचा पहिला विजेता, जन्म स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्नाचा. त्याचा मुलगा निको २०१६ मध्ये जर्मनीसाठी जगज्जेता झाला. निकोचा जन्मही जर्मनीतलाच, वाइझबाडेनचा, आणि आईही जर्मन. तो वाढला मात्र मोनॅकोत, आणि सुरुवातीच्या शर्यती धावला तो वडिलांच्या देशाच्या परवान्यावर.