भूजल पातळी एक मीटरने वाढली, म्हणजे पाणी किती वाढले?

पावसाळा चांगला झाला की दिवाळीच्या आसपास ‘भूजल पातळीत एक मीटरने वाढ’ अशा आशयाची बातमी हमखास वाचायला मिळते, आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो की आपल्या पायाखाली मीटरभर उंचीचे पाणी साठले. जमिनीखाली तळे नसते आणि पाताळगंगाही नसते. तिथे खडक असतो, आणि त्याच्या फटींत मावेल तेवढेच पाणी असते.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झाला, तर मधला भाग सावकाश निवत घट्ट झाला. विहीर खणणाऱ्यांना हे भूशास्त्र न शिकताही ठाऊक असते: आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे तो सच्छिद्र थर, आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. पाणी राहते ते मुख्यतः मुरमात, सच्छिद्र थरात आणि पाषाणाच्या भेगांत. त्यातही बुडबुड्यांच्या बऱ्याच पोकळ्या पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेल्या. संग्रहालयात देखणे दिसणारे ते स्फटिक पाण्याची जागा अडवून बसले आहेत.

देशात भूजलाचा अंदाज बांधताना वापरल्या जाणाऱ्या मापदंडांनुसार, पाण्याने पूर्ण भरलेल्या झिजलेल्या बेसाल्टातून त्याच्या घनफळाच्या जेमतेम २ टक्के पाणी निथळून हाती येते. वाळूच्या गाळात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास असते, तर अखंड पाषाणात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आता हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिथे पातळी एक मीटरने वाढली, तर बेसाल्टात २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर पाणी वाढले. दहा हजार लिटरचे वीस टँकर. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत तेवढ्याच वाढीचा अर्थ १६ लाख लिटर होतो. बातमीतला मीटर दोन्हीकडे सारखाच असतो.

याच कारणाने आपल्या विहिरी झटपट भरतात. सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टात पावसाच्या सुमारे १३ टक्के पाणी मुरते असे धरले, तर ७०० मिलिमीटर पावसातून हेक्टरी साधारण ९ लाख लिटर पाणी आत जाते आणि पातळी साडेचार मीटर चढते. भांडे लहान, म्हणून ते लवकर काठोकाठ दिसते. त्यातलेही काही पाणी हिवाळ्यापर्यंत ओढ्यानाल्यांत पाझरून निघून जाते.

या भांड्यावर ऊस उभा आहे. पाटाने पाणी दिल्यास एक हेक्टर उसाला सुमारे अडीच कोटी लिटर पाणी लागते. त्यातले काही पुन्हा मुरते हे मान्य आहे. पण ठिबकने मागणी निम्म्यावर आणली, तरी सव्वा कोटी लिटर उरतातच, आणि तेवढे पाणी मुरायला वरच्या हिशेबाने जवळजवळ चौदा हेक्टर जमीन लागते.

मग लोक आणखी खोल जातात. खोलवरच्या भेगांतले पाणी दोन घट्ट थरांमध्ये दाबाखाली असते. बोअर पाडताच ते जोरात उसळते आणि मोठा साठा सापडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तिथे भेगा रिकाम्या होत नसतात, तर दाब उतरत असतो. पाणी किंचित प्रसरण पावते, खडक किंचित आकुंचन पावतो आणि त्या फरकाएवढेच पाणी बाहेर येते. साठवणांक, म्हणजे पातळी एक मीटर उतरल्यावर एक चौरस मीटर जमिनीखालून सुटणारे घनमीटर पाणी, ०.०००१ धरला, तर बोअरमधली पातळी मीटरभर उतरल्यावर हेक्टरी केवळ १,००० लिटर मिळतात. शिवाय वरच्या मुरमातले पाणी त्याच भोकातून खाली उतरते आणि शेजारची विहीर कोरडी पडते.

पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, तो त्याच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. मुरमाचा ओला थर बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे त्याचा अंदाज अनेकदा खरा ठरतो. पाणी लागेल का, याचे उत्तर तो देतो; किती दिवस पुरेल, हे नारळ सांगत नाही.

कायद्याची गंमत अशी की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला, तर महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना शेती आणि उद्योगासाठी मनाई केली. हा अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला, आणि बोअरच्या गाड्या अजूनही गावोगाव फिरताना दिसतात. माझ्या मते या मनाईपेक्षा जास्त वजन उसाला मिळणाऱ्या हमखास दराचे आहे. राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतर असावे लागते. प्रत्येक कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा हा त्या अटीचा हेतू. त्या परिघातल्या खडकात पाणी किती मावते, हे ती अट विचारत नाही.