लाल-हिरवी कोयरी लांबून मातकट का दिसते?

थंडीची चाहूल लागली की पुण्यातल्या लोकरीच्या दुकानांत एक सल्ला हमखास कानावर येतो: "लाल आणि हिरवा घ्या, विरुद्ध रंग आहेत, नक्षी उठून दिसेल." रुंद पट्ट्यांपुरता तो बरोबर आहे. पण आपली स्वतःची नक्षी आखून दोन रंगांत बारीक विणायला घ्या. हातात असताना झकास दिसणारी कोयरी रस्त्याच्या पलीकडून पाहिली की मातकट डागासारखी दिसते. दोष लोकरीचा नाही, विणणाऱ्या हाताचाही नाही.

आपल्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात: लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या. त्यांचे संदेश मेंदूकडे जसेच्या तसे जात नाहीत, दृष्टिपटलातच त्यांची बेरीज-वजाबाकी होते. लांब अधिक मध्यम म्हणजे उजेड, अर्थात फिकट-गडदपणा. लांब उणे मध्यम ही लाल-हिरव्याची वाहिनी. त्या दोघींच्या बेरजेशी आखूड ताडून पाहिली की निळ्या-पिवळ्याची. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच रंगांच्या अशा विरोधी जोड्यांची कल्पना मांडली होती.

या वाहिन्यांची बारकावे टिपण्याची ताकद सारखी नाही, आणि मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. निरोगी डोळा दृष्टीच्या १ अंशात (हात लांब केल्यावर करंगळी जेवढी रुंद दिसते साधारण तेवढ्यात) गडद-फिकट रेघांच्या ३० जोड्या तरी सुट्या ओळखतो. दोन्ही रेघा सारख्याच गडद असतील आणि फरक फक्त लाल-हिरव्याचा असेल, तर हा आकडा १०-१२ वर येतो. आता ५ मिलिमीटर रुंदीचा टाका धरा. एक टाका लाल, एक हिरवा, म्हणजे जोडी १० मिलिमीटरची. गणित केलं तर गडद-फिकट नक्षी साधारण १७ मीटरपर्यंत टिकते आणि सारख्या गडदपणाची लाल-हिरवी ६-७ मीटरवरच एकजीव होते. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हाच्या पाल या प्रक्षेपण पद्धतीत याच गुणाचा उपयोग होता: उजेडाचा तपशील बारकाईने पाठवायचा, रंगाचा ढोबळ. प्रेक्षकांना फरक जाणवत नसे.

म्हणून रंग ठरवण्याआधी लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर ती जोडी बारीक नक्षीला नको. बाळाच्या राशीनुसार स्वेटरचा रंग सांगणाऱ्या पोस्ट दर हिवाळ्यात फिरतात. त्यांना कसलाही आधार नाही, त्या खुशाल सोडून द्या.

फोटोनेही सगळं कळत नाही, आधी नमुन्याचा तुकडा विणावाच लागतो. कारण आलेख कागदावरचं घर चौरस असतं, टाका नसतो. साध्या सुलट विणीत १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी बसत असतील, तर २० गुणिले २० घरांचं वर्तुळ १० सेंटिमीटर रुंद, पण जेमतेम ७ सेंटिमीटर उंच उतरतं. दोन रंगांत विणताना मागून जाणारे धागे टाक्यांना आडवे ओढतात, टाका अरुंद होतो आणि हे प्रमाण बदलतं. त्यामुळे एका रंगाच्या तुकड्यावरून केलेलं माप इथे चालत नाही. तुकडा त्याच नक्षीचा, त्याच सुयांवर, निदान ३०-४० टाक्यांचा हवा. तो धुवून, सपाट वाळवून, कडा सोडून मधोमध मोजायचा. कोयरीचं पोट मोठं असेल तर मागे लांबलचक धागे लोंबतात आणि बोटं अडकतात. ठिपक्यांच्या रांगोळीवरून नक्षी घेतली तर रंग दर दोन-तीन टाक्यांनी बदलतो आणि ही अडचण येत नाही.

तुकड्यातच आणखी एक गोष्ट दिसते. मागच्या बाजूला जो धागा कायम खालून आणला जातो, त्याला सुईपर्यंत किंचित लांबून यावं लागतं. त्याचे टाके थोडे मोठे बसतात आणि तो रंग पुढे येतो. नक्षीचा रंग खालून, जमिनीचा वरून, असं ठरवा आणि पूर्ण स्वेटरभर तेच ठेवा. मध्येच अदलाबदल झाली तर त्या ओळीपासून नक्षी फिकी पडलेली दिसते.