मनगटातली हाडं आणि पाटीवरचा 'अ'

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे पाहिला, तर बोटांची आणि तळहाताची हाडं दिसतात. त्यांच्या मागे, मनगटाच्या जागी, बहुधा नुसती पोकळी असते. मनगटाची आठही हाडं तेव्हा कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक असतात आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. पहिली दोन हाडं पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात. बाकीची एकेक करत पुढच्या पाच-सहा वर्षांत, आणि वाटाण्याएवढं आठवं तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. मुलींचं हे सगळं मुलग्यांच्या थोडं आधी होतं. हाडांच्या या क्रमावरून डॉक्टर मुलाची वाढ कितपत झाली आहे याचा अंदाज बांधतात.

कूर्चेचं मनगट लिहू शकत नाही असं अर्थातच नाही. खरी अडचण स्नायू, नजर आणि मेंदू यांचा मेळ बसण्याची असते. पण जून उजाडला की बालवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात चौकटींची वही येते, आणि "शेजारची लिहायला लागली, आमचा अजून नुसत्या रेघोट्या मारतो" अशी काळजी घराघरांत सुरू होते. तेव्हा ही पोकळी आठवावी असं मला मनापासून वाटतं.

हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे सरकत येतो. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. पुढे कोपर हलू लागतं, मग मनगट. साधारण साडेतीन-चारच्या सुमारास खडू अंगठा आणि दोन बोटांत येतो, पण बोटं अजून ताठच असतात. पेन्सिलीचं टोक बोटांच्याच हालचालीनं फिरायला बहुतेकांची पाच-सहा वर्षं उजाडतात. पुळणीवर ओल्या वाळूत रेघा ओढणाऱ्या चार वर्षांच्या मुलाकडे बघा. मोठा गोल काढताना त्याचं सगळं अंग वळतं, जीभ बाहेर येते, दुसऱ्या हाताची बोटंसुद्धा आवळली जातात. तोच गोल वहीच्या एवढ्याशा चौकटीत मागितला की पेन्सिल घट्ट धरली जाते, टोक मोडतं, कागद फाटतो. पोर हट्टी नसतं, त्याचा हात अजून तिथवर पोचलेला नसतो.

आकारांनाही क्रम आहे. उभी रेघ आधी, मग आडवी. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याच्या सुमारास फुली, त्यानंतर चौकोन. तिरक्या रेघा सगळ्यात उशिरा येतात, म्हणून त्रिकोण पाच-सहाच्या घरात जातो. आता आपला 'अ' घ्या. वर एक अर्धगोल, खाली दुसरा, त्यांना जोडणारी आडवी रेघ, मग काना, वर शिरोरेषा. पाच तुकडे, आणि प्रत्येक जागच्या जागी बसला पाहिजे. वर्णमालेत तो पहिला असला तरी हाताच्या दृष्टीनं तो पहिला नाहीच. छोटी उभी रेघ आणि तिच्याखाली गोल, झाला 'ठ'. 'ट' अर्ध्या गोलात होतो. वळणाच्या सोपेपणानुसार अक्षरं शिकवणाऱ्या बाई हे जाणून असतात.

गिरवण्याबद्दल थोडं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतः काढायला दिली, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला. नंतर ती अक्षरं दाखवत मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी निगडित भाग सर्वांत ठळकपणे जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी. अभ्यास लहान होता, पण ठिपक्यांवरून पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्यांनी विचार करावा असा आहे. मुलानं आपल्या मनानं काढलेला वाकडातिकडा 'ग' खोडून त्यावर सुबक 'ग' काढून देऊ नये, तो तसाच राहू द्यावा.

'३' आणि '६' ची अदलाबदल झाली तरी घाबरायचं कारण नाही. कप कुठल्याही बाजूनं पाहिला तरी कपच, हे मेंदूनं आधी शिकलेलं असतं. अक्षर-अंकांत डावं-उजवं बदललं की अर्थ बदलतो, हे त्याला नव्यानं शिकावं लागतं. सहा-सात वर्षांपर्यंत असं उलटं लिहिणं सर्रास दिसतं.

मग तोवर करायचं काय? कोकणात याचं उत्तर परसातच आहे. रातांबे फोडून बिया काढणं, उकडलेल्या आठळ्या सोलणं, अबोलीचा वळेसर करताना आजीच्या हाती एकेक फूल देणं, गणपतीच्या चित्रशाळेत मातीचा गोळा मळणं, यांत चिमटीला जो व्यायाम होतो तो वहीत होत नाही. पडवीच्या भिंतीवर उभ्यानं खडूनं रेघोट्या मारू दिल्या तर खांदा आणि मनगट दोन्ही पक्की होतात. खडूचा तुकडा मुद्दाम छोटा द्यावा. तो मुठीत धरताच येत नाही, बोटांतच धरावा लागतो. ताटात वाळू पसरून बोटानं अक्षर काढणं ही तर आपली जुनी धूळपाटीच.

याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांच्या बालवाडीचं साहित्य. मुलांची बोटं आधी त्यांत रमायची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही पहिलीचं वय सहा धरलं आहे आणि त्याआधीची तीन वर्षं मुख्यतः खेळातून शिकण्यासाठी ठेवली आहेत.

वाढदिवस मोजण्यापेक्षा मुलाकडे पाहावं. ते फुली बघून काढतं का, शर्टाची बटणं लावतं का, एका हातानं कागद धरून दुसऱ्यानं रेघ ओढतं का, आपण होऊन "माझं नाव लिहून दाखव" म्हणतं का? यातलं बरंचसं जमत असेल तर पेन्सिल द्यायला हरकत नाही. डावखुऱ्याचा हात बदलू नये. वही थोडी डावीकडे सरकवून तिची वरची कड उजवीकडे कलती ठेवली की त्याला मनगट मुरडावं लागत नाही.

सहा-सात वर्षांचं होऊनही बटण लागत नसेल, दोन ओळींत हात दुखत असेल, तर मात्र आळशी म्हणून रागावत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लिहिणं, बटण लावणं अशा रोजच्या कामांसाठी हाताला वळण लावणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तालुक्याला सहसा मिळत नाही. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतं. वाढीतला उशीर तपासणं हे त्यांच्या कामातच येतं. ते येतील त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि हाताची तक्रार आपणहून सांगा.