कॉलेजातलं आपत्ती शिक्षण (मराठवाडा)

भूकंप, पूर, वीज, दुष्काळ अशा वेळी काय करायचं आणि नंतर सावरायचं कसं, हे कॉलेजच्या पोरांना नोट्स न देता खेळ, नाटक, नकाशा, मॉडेल यातून शिकवायची पद्धत. तसं पर्यावरणाच्या कंपल्सरी पेपरात आपत्ती व्यवस्थापन आहेच, युजीसीच्या जुन्या सिलॅबसमधे पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि दरडी अशी यादी होती. म्हणजे औशाचं पोरगं चक्रीवादळावर टीप लिहिणार आणि दरवर्षी शिवारात माणसं-जनावरं घेणारी वीज त्या यादीत नाहीच.

मराठवाड्यात याची सुरुवात किल्लारीपासूनच करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानानं फार मोठा नाही, पण जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. हे वर्गात दाखवणं सोपंय. लाकडी पाटाखाली गोट्या ठेवायच्या, वर खडे आणि चिखलाच्या दोन छोट्या भिंती रचायच्या, एकीत आरपार जाणारे लांब जोडदगड घालायचे, दुसरीत फक्त दोन्हीकडून दगड लावून मधे भर टाकायची, मग पाट हलवायचा. दुसरी भिंत आधी पोटातून फुगते आणि मग तिच्या दोन फाका होतात. एकदा हे बघितलं की घरी गेल्यावर पोरं आपल्याच भिंतीकडे बघायला लागतात, आणि खरं काम तिथंच होतं. वसमत-कळमनुरीकडच्या पोरांना तर वेगळं पटवावं लागत नाही, १० जुलै २०२४ ला हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला तेव्हा परभणी-नांदेडपर्यंत जाणवला होता.

पुरासाठी रोल प्ले चांगला चालतो. जायकवाडीतून रात्री विसर्ग वाढवलाय, एकजण धरणावरचा इंजिनिअर, एक तहसीलदार, एक सरपंच, एक नदीकाठी म्हशी बांधलेला शेतकरी, आणि सरपंचाचा फोन लागत नाहीये. आता निरोप कसा जाणार ते खेळून बघा. विसर्ग क्युसेकमधे सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे माहीत असलं की टीव्हीवरचा लाखाचा आकडा ऐकून नुसतं "बाप रे" म्हणण्यापलीकडे काही कळतं. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर बीड-धाराशिवच्या पोरांकडे सांगायला स्वतःचंच भरपूर आहे, मास्तरनं फक्त ऐकायचं.

विजेसाठी भारूड. एकनाथ महाराज पैठणचे, युवक महोत्सवात पोरं भारूड करतातच, मग त्यातच विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी अ‍ॅप आणि तीस-तीसचा नियम घुसवायचा: वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर लगेच पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पथनाट्यापेक्षा हे गावात जास्त चालतं, पथनाट्यात घोषणाच फार असतात.

दुष्काळ मात्र लोक आपत्तीत धरतच नाहीत, सवय झालीय. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तरी. होस्टेलच्या एका मजल्याला दिवसाचं पाणी घागरींनी मोजून द्या आणि वाटपावरून भांडू द्या, एवढं प्रॅक्टिकल पुरतं.

एनएसएसच्या पोरांसाठी राज्यपातळीवर 'आव्हान' शिबिरं होतात, तिथं दोरीचं, बचावाचं ट्रेनिंग मिळतं. पण किल्लारी भागात सायरन वाजवून मॉक ड्रिल घ्यायच्या आधी गावात विचारावं, घरातली माणसं गमावलेले अजून आहेत तिथं.