पार्श्वभूमी : व्यसन, मनाचा आजार आणि माजी सैनिकाची पेन्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडचं चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात पलटणीची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्यांच्या कथा अजून काही घरांत ऐकू येतात. आजच्या प्रश्नाची मुळं मात्र अलीकडची आहेत. १९७१ चं युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. पुढे १९८४ पासून सियाचीन, १९८७ ते १९९० श्रीलंका आणि १९९० नंतर काश्मीर असं सुरू झालं आणि तैनातीला शेवटच राहिला नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो तेव्हा गुडघे आणि कंबर बोलू लागलेली असतात, झोपेचं तर विचारायलाच नको. मग मेडिकलमधून गोळी येते आणि संध्याकाळी कॅन्टीनची रम.

गोळ्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अफूच्या जातीचं डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन हे स्वस्त वेदनाशामक २०१३ मध्ये बाजारातून काढलं गेलं. त्याची जागा ट्रामाडॉलने घेतली. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि लोक टॅपेंटाडॉलकडे वळू लागले. एक दार बंद केलं की दुसरं उघडतं, हे अमेरिकेने याहून मोठ्या प्रमाणावर पाहिलं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनची सवय लागलेल्या सैनिकांवर १९७०च्या दशकात अभ्यास झाला. घरी परतल्यावर बहुतेकांची सवय सुटली होती. म्हणजे दोष जितका पदार्थाचा, तितकाच परिस्थितीचा. तो धडा पुढे विसरला गेला. १९९०च्या दशकाअखेरीस तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत दुखणं हे नाडी-तापासारखं नेमाने मोजायचं ठरलं आणि ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. २०१३ पासून हात आखडता घेतला. त्याच काळातल्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं की औषध थांबवल्यानंतरच्या महिन्यांत अतिसेवनाने किंवा आत्महत्येने मृत्यूचा धोका वाढतो. नुसती गोळी काढून घेणं म्हणजे उपचार नव्हे.

आपल्याकडचा खरा गुंता पेन्शनच्या नियमांत आहे. अपंगत्वाची पेन्शन मिळायची तर आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, असं वैद्यकीय मंडळाने म्हणावं लागतं. मनाचा आजार शांत ठाण्यावर असताना सुरू झाला, तर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा अनेकदा पडतो. जणू काश्मीरहून पुण्याला बदली झाली की डोकंही त्याच गाडीने शांत होऊन येतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिट्स येणाऱ्या एका जवानाच्या प्रकरणात भूमिका उलटी केली : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं धरावं आणि तसं नाही हे सरकारने सिद्ध करावं. या निकालाच्या आधारे कितीतरी जवानांना पेन्शन मिळाली.

व्यसनाला मात्र हा दिलासा पुरत नाही. १९८२च्या नियमांत एक कलम आहे : दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ही गोष्ट माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली आहे. ताब्यातली! ज्याची झोप, दुखणं आणि दारू एकाच दोरीत गुंतली आहे, त्याने कुठलं टोक सेवेचं आणि कुठलं स्वतःचं, हे कसं सांगायचं? परिणाम साधा आहे. डॉक्टरने विचारलं तर जवान पिण्याबद्दल बोलत नाही आणि दारूमागची घालमेलही कागदावर येत नाही. त्यात शिक्षेच्या, म्हणजे लाल शाईच्या, चार नोंदी झाल्या की पंधरा वर्षं भरण्याआधीच घरी पाठवायची पद्धत. मग पेन्शन नाही आणि २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही नाही. केवळ चार नोंदींवर काढता येणार नाही, असं न्यायालयाने २०१५ मध्ये बजावलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये नियम नव्याने आले. संरक्षण खातं म्हणतं, गैरफायदा थांबवायचा आहे. यात तथ्य नाही असं नाही. अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत जास्त आहे. पण नियम आवळले की आधी गळ्याशी येतं ते शिपायाच्या. दाद मागायची झाली तरी सीमाभाग आडवा येतोच : चंदगडच्या माजी सैनिकाचा खटला सैन्यदल न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या पीठापुढे, बेळगावच्याचा कोचीच्या.

आत्महत्येचा प्रयत्न हा लष्कर कायद्यात गुन्हा आहे, त्यामुळे तो लपवण्याची सवय जुनीच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता, असं गृहीत धरायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. २०२३ च्या अखेरीस सैन्यदलांसाठी पुण्यात वेगळा कक्ष झाला. उपचारांसाठी जवळचं मोठं ठिकाण धारवाड.

जानेवारी २०२३ च्या सुमारास भरती झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये संपतील. त्यांतले फार तर चौथा हिस्सा कायम होतील. बाकीच्यांना ना पेन्शन, ना आरोग्य योजना. अपंगत्व १००, ७५ किंवा ५० टक्के असेल तर एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख मिळतील, तेही आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला असं मंडळाने मान्य केलं तर.