उजनीच्या पाण्यावरची उचल

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरवर भिगवण येतं. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून तिथे पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये रोहित पक्षी उतरतात, ते बघायचे आणि परतताना चिलापीचं ताट जेवायचं, हा आता पुणेकरांचा ठरलेला बेत आहे. ही चिलापी कोणी धरली, त्याला किलोमागे काय मिळालं आणि काम सोडून घरी जायची त्याला मुभा आहे का, हे जेवताना कोणी विचारत नाही. मीही अनेक वर्षं विचारलं नव्हतं.

उजनीवर मासेमारीसाठी रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, देऊन आणायची आणि मग त्यांना सोडायचं नाही, अशा तक्रारी गेल्या काही वर्षांत पोलिसांपर्यंत आल्या आहेत. अशा तक्रारी नीट समजायच्या तर थोडं मागे जावं लागतं.

भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात असली तरी पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत अशा चार तालुक्यांत पसरलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. म्हणजे धरण उणेमध्ये गेलं, शेतीचं आवर्तन थांबलं, तरी मासेमारीपुरतं पाणी राहतंच. नदीकाठच्या भोई कुटुंबांचा धंदा ओढ्या-डोहांतून या अफाट जलाशयावर आला. पुढे चिलापी वाढली, भिगवणचा मासळी बाजार वाढला आणि रात्रभर पाण्यावर राहू शकणाऱ्या हातांची गरजही वाढली. हे हात कमी पैशांत कुठे मिळतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुकादमाला ठाऊक असतं.

कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कात पाडण्याचा मूळ धंदा जंगल कायद्यांनी संपवला. बहुतेकांकडे जमीन नाही. पावसाळा सरला की कोळशाची भट्टी, वीटभट्टी, ऊसतोड, जिथे उचल मिळेल तिथे बिऱ्हाड हलतं. मासेमारी या यादीतलंच एक काम, पण त्याला वेगळी धार आहे. वीटभट्टीवर हजारी विटांचा दर ठरलेला असतो, मजूर निदान मोजू तरी शकतो. इथे होडी व्यापाऱ्याची, जाळं व्यापाऱ्याचं, वजनकाटा व्यापाऱ्याचा आणि हिशेबाची वहीही त्याचीच. फाटलेलं जाळं, किराणा, दवाखाना, सगळं उचलीत चढत जातं. मजुरी असा शब्दच नसतो, ‘वाटा’ किंवा ‘धंदा’ म्हणतात. त्यामुळे कामगार खात्याचा माणूस आला तरी किमान वेतन नेमकं कशाशी ताडायचं, याच प्रश्नाशी तो अडतो. मुक्काम पाण्याच्या काठावर, गावापासून लांब. बायको जाळं उलगडते, पोरं मासे वेगळे करतात. आणि नावावर कर्ज एकट्या नवऱ्याच्या.

याचं जुनं नाव महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्याच्या घरी राबणाऱ्या आदिवासीला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज त्याच्या नावावर असलं तरी राबायचं दोघांनी. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. पाच वर्षांत संविधान लागू झालं आणि त्याच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी एकाच वाक्यात मना केली. घटनाकारांनी या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या. पुढची सत्तर वर्षं सरकारी यंत्रणेने मात्र त्या वेगवेगळ्या टेबलांवर वाटून टाकल्या, असं माझं मत आहे.

पहिलं टेबल महसूल खात्याचं. २५ ऑक्टोबर १९७५पासून वेठबिगारी देशभर रद्द झाली, आधी वटहुकमाने आणि १९७६मध्ये कायद्याने. हा कायदा आजही वाचावा इतका स्पष्ट आहे. वेठीचं कर्ज संपलं, ते वसूल करता येणार नाही, आणि मजूर कर्ज वेठीचं आहे म्हणाला तर तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून नोंदवू शकतात. पण शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड दोन हजार रुपये, गुन्हा जामीनपात्र, आणि खटला चालवायचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देण्याची सोय. ओळख, सुटका, पुनर्वसन हे सगळं जिल्हाधिकारी, प्रांत आणि दक्षता समित्यांवर. त्यामुळे ‘हे तहसीलदारांचं काम’ हे वाक्य पोलीस ठाण्याच्या ओट्यावर रुळलं. कायदा खाली उतरवायला संघटना लागल्या. १९८२पासून वसई-भिवंडी पट्ट्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले, तेव्हा मजूर वेठीतून सुटल्याच्या एकेका सरकारी मुक्तता दाखल्यासाठी मोर्चे काढावे लागले.

न्यायालयांनी मात्र व्याख्या रुंद केली. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांबद्दलच्या १९८२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते. पायात साखळदंड असायची गरज नाही. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, सक्तीची मजुरी दिसली की ती वेठबिगारीच समजून चालावं, उलट सिद्ध करायचं तर मालकाने करावं. १९९७ला या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेलं.

दुसरं टेबल पोलिसांचं, आणि त्यावर मानवी व्यापार म्हणजे देहविक्रय एवढंच लिहिलेलं होतं. पुण्यात तर त्याला भूगोलही होता, बुधवार पेठ. १९५६च्या कायद्यानुसार छापे घालायचे, मुलींची सुटका करायची, सुधारगृहात पाठवायचं, या कामाचा पुणे पोलिसांचा अनुभव अनेक दशकांचा आहे. पंच कसे आणायचे, वय कसं पडताळायचं, सगळं सरावाचं. केंद्राने २०१०च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत मानवी व्यापारविरोधी कक्षांना पैसे दिले तेव्हा त्या कक्षांनी स्वाभाविकपणे हाच सराव उचलला. होडीवर, भट्टीवर, फडावर राबणारा पुरुष त्या चौकटीत बसलाच नाही.

इथे कायद्यानेही एक संधी दवडली. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फेब्रुवारी २०१३मध्ये जो वटहुकूम निघाला, त्यातल्या भारतीय दंड संहितेच्या मानवी व्यापाराबद्दलच्या ३७० कलमात शोषणाच्या व्याख्येत ‘सक्तीची मजुरी’ स्पष्ट होती. दोन महिन्यांत कायदा झाला तेव्हा ते शब्द गळले. ‘शारीरिक शोषण’, ‘गुलामगिरीसारख्या प्रथा’ हे शब्द राहिले आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमातही तेच आले. एका माणसाच्या व्यापाराला सात ते दहा वर्षं, मूल असेल तर दहा वर्षं ते जन्मठेप, इतकं हे कलम कडक आहे. पीडिताची संमती होती हा बचाव चालत नाही. ताबा असलेल्या माणसाला पैसे देऊन मूल नेणंही त्यात येतं. तरीही मजुरांच्या प्रकरणात ते लावायचं की नाही, हे तपास अधिकाऱ्याच्या वाचनावर राहिलं.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत तिसरं हत्यार आहे आणि ते फार कमी वेळा आठवतं. १९८९च्या कायद्यापासूनच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडून वेठ किंवा वेठबिगारी करून घेणं हा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे. तपास उपअधीक्षकाकडे जातो, अटकपूर्व जामिनाला कायद्याची आडकाठी असते. २०२२मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यात पाठवल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं, तेव्हा राज्य हादरलं. ती मुलं ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने मासेमारीला मजूर जातात.

समुद्राकडे पोलिसांचं लक्ष वळलं ते वेगळ्याच कारणाने. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका बळकावून आले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रं आली, बंदरांवर तपासणी आली, सागरी पोलीस ठाण्यांना बळ मिळालं. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी किती, हे आता कागदावर सापडतं. पण तो कागद देशाच्या सुरक्षेसाठी आहे. त्या खलाशाला पगार मिळतो का, उचल फिटेपर्यंत त्याला उतरू देतात का, हा रकाना त्यात नाही. बंदरावर मासेमारीच्या मजुराबद्दल पोलिसांकडे येणारी नेहमीची तक्रार तर मालकाचीच असते, खलाशी अ‍ॅडव्हान्स घेऊन पळाला म्हणून.

जगात हा विषय गाजला २०१५मध्ये, इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर पिंजऱ्यात कोंडलेल्या खलाशांची बातमी आली आणि दोन हजारांहून अधिक माणसं सुटली तेव्हा. युरोपने थायलंडला बेकायदा मासेमारीबद्दल ताकीद दिली, ती २०१९पर्यंत टिकली. निर्यातीचा बाजार अडकल्यावर तिथली तपासणी हलली. उजनीची चिलापी युरोपला जात नाही, त्यामुळे तसा दबाव इथे येणार नाही. आपल्याला जवळचं उदाहरण आफ्रिकेतल्या घानाचं आहे. व्होल्टा नदीवरच्या धरणाच्या जलाशयात झाडं बुडाली आणि त्यांत अडकलेली जाळी सोडवायला लहान मुलांना पाण्यात उतरवलं जातं. मुलं आईबापांना थोडे पैसे देऊन लांबून आणलेली. २००५ला तिथे मानवी व्यापाराविरुद्ध कायदा झाला. तिथेही धरणच, तिथेही परगावचीच माणसं.

उजनीसारख्या प्रकरणात पहिल्या काही तासांत काय होतं, त्यावर सगळं ठरतं. मालक ‘पैसे बुडवून पळाले’ म्हणून अर्ज घेऊन ठाण्यात बसलेला असतो आणि मजूर बाहेर उकिडवा. त्या अर्जातली रक्कम म्हणजे फसवणुकीचा पुरावा समजायचा की वेठबिगारीचा, इथेच तपासाची दिशा फुटते. वही जप्त झाली, बायकांचे जबाब मालकापासून लांब, त्यांच्या बोलीत घेतले गेले, तर पुढचं बरंच सोपं होतं. कुटुंब आधी गावी पोचलं असेल तर गुन्हा रायगडमध्येही, हद्द न बघता, शून्य क्रमांकाने नोंदवून इकडे वर्ग करता येतो.

आणि मुक्तता दाखला त्याच दिवसांत मिळावा लागतो, कारण तातडीची मदत त्यावरच मिळते. केंद्राच्या २०१६च्या योजनेत ही रक्कम वीस हजार होती, २०२१च्या सुधारणेत ती तीस हजारांपर्यंत गेली. एक, दोन, तीन लाखांची मोठी रक्कम मात्र दोषसिद्धीशी जोडलेली आहे. खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत दोन-तीन हंगाम सहज जातात, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला, दिवाळीनंतर, वाडीवर उचल घेऊन कोणीतरी येतंच.