काळा घोडा सर्कल आणि उजवीकडचा माणूस

बडोद्यात संध्याकाळी कमाटीबागेतून बाहेर पडलं की समोर काळा घोडा सर्कल. परवा तिथे एक बाई ॲक्टिव्हावरून निम्मा वळसा घेऊन आल्या होत्या, पायाशी भाजीची पिशवी. बाहेरून आलेल्या एका मोटारीने न थांबता सरळ आत नाक घातलं. बाईंनी दोन्ही पाय टेकून गाडी कशीबशी सावरली, आणि हॉर्न वाजवला तो मोटारवाल्याने! चूक त्याचीच होती, कारण शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आतल्याला, आधी जाऊ द्यायचं असतं.

हा नियम काही नवा नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात तो आहे: चौकात शिरताना समोरचा रस्ता मुख्य म्हणून जाहीर केलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं, नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्यांना. बडोदा तेव्हा गायकवाडांचं संस्थान होतं. मुंबई प्रांतात ते १९४९ साली विलीन झालं. पुढे १९८८चा कायदा आला, पण १९८९च्या रस्ते नियमांत हीच तरतूद राहिली.

उजवीकडचाच का? आपण डावीकडून चालवतो, म्हणून सर्कलला घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतो. आत असलेला माणूस शिरणाऱ्याच्या नेहमी उजव्या हाताला येतो. त्यामुळे चौकासाठी लिहिलेला जुना नियम सर्कलमध्येही बरोबर लागू पडतो. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात आणि जुना मान मात्र उजवीकडच्यालाच होता. म्हणजे तिथे शिरणारा आधी! बाहेरचे घुसत राहायचे, आतल्यांना निघायला वाट उरायची नाही आणि सगळंच ठप्प व्हायचं. पॅरिसच्या विजयकमानीभोवती आजही तसंच चालतं. ब्रिटनमध्ये तर ठरलेला क्रमच नव्हता, सर्कल तुंबायची. नोव्हेंबर १९६६मध्ये तिथे ‘आतल्याला आधी’ हा नियम आला. आपल्याकडे २०१७च्या नियमांनी सर्कलसाठी तो स्पष्ट शब्दांत लिहिला. बाहेरचा दोन क्षण थांबतो म्हणूनच आतलं रिकामं होतं, एवढं साधं आहे ते.

यू-टर्नबद्दल १९८९चे नियम आणखी कडक होते. मनाई असेल तिथे आणि वर्दळीच्या रस्त्यावर तो घ्यायचाच नाही. परवानगी असेल तिथे उजवीकडे वळताना करतो तसा हात करायचा, आरशात बघायचं आणि रस्ता मोकळा झाल्यावरच वळायचं. डिव्हायडरच्या कटमध्ये पुढचं चाक घालून ‘थांबतील सगळे’ म्हणणाऱ्याला कायद्याने कसलाही हक्क दिलेला नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर असे नियम मोडल्यास ५०० ते १००० रुपये दंड आहे.

बाबांनी मला लूना शिकवली तेव्हा दंडाचं नावही काढलं नव्हतं. वळायच्या आधी उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढायला लावायचे आणि मान वळवून मागे बघायला लावायचे. आमच्या लूनाला आरसा नव्हता.